मधुरंजनबाबत खुलासा

शुक्रवार, १४ नोव्हेंबर १९९७

मधुरंजन हे सोमशेखर तोडकर यांचं टोपणनाव होतं. तोडकर छापखान्यात कंपोझिटर होते, हुपरीला राहत आणि १९९१ साली वारले. या माहितीला आज सकाळी आकाराम यांनी दुजोरा दिला. लक्ष्मीपुरीतल्या त्याच छापखान्यात आकाराम वीस वर्षं मशीन चालवत होते. वय अठ्ठ्याहत्तर, एका डोळ्यात मोतीबिंदू, पण नावं सगळी तोंडपाठ.

दैनंदिनीतसुद्धा बातमीच लिहिली गेली. एकतीस वर्षं उपसंपादक राहिल्यावर हात असाच वळतो.

माझ्याकडे आज चारशे बारा पिवळी पुस्तकं आहेत. पूर्वी एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर ती मासिकांच्या थप्पीखाली असायची आणि मागताना गिऱ्हाईक आवाज खाली आणायचं. शहाण्णव पानं, दोन पिना, भडक मुखपृष्ठ, आत लेखकाचं खोटं नाव. माडीवरच्या दोन ट्रंकांत ती ठेवली आहेत. आमच्या घरात त्यांना ‘ह्यांचा कचरा’ म्हणतात. मी ती का जमवतो हे मला कधी नीट सांगता आलेलं नाही. या जिल्ह्यात हजारोंनी ती वाचली असतील, पण एकाही ग्रंथालयात त्यातलं एक सापडत नाही. ज्यांनी लिहिली त्यांची खरी नावं कुणी टिपून ठेवली नाहीत. ती आपण टिपावीत असं वाटत आलं. कदाचित हे कारण मी नंतर शोधून काढलं असेल.

त्यात मधुरंजनची तेवीस आहेत. इतरांच्या पुस्तकांत बायका नुसत्या पडून असतात. मधुरंजनच्या बाया कामात असतात. पापड लाटतात, ज्योतीवर पैंजणांना घुंगरं झाळून जोडतात आणि पुरुष दारात येऊन उभा राहिला तर हातातलं काम संपेपर्यंत त्याला ताटकळत ठेवतात. या माणसाला मी वीस वर्षं शोधत होतो.

आकारामांचा पत्ता बंडू रद्दीवाल्यानं काढला. दोघं मिळूनच गेलो.

“बसा पावणं,” आकाराम म्हणाले. “सोम्याचं काय काढलं आता? मेलेल्याची तसली पुस्तकं वाचताय व्हय ह्या वयात?”

“साहेब वाचत न्हाईत, जमवत्यात,” बंडू म्हणाला.

“म्हंजे त्याहून वाईट की.”

हस्तलिखित कसं असायचं, असं मी विचारलं.

“कुठलं हस्तलिखित! हुपरीच्या पैल्या गाडीनं यायचा आन् आल्या आल्या डबा उघडायचा. खायचा न्हाय. उघडायचा, बघायचा, मिटायचा आन् खिळ्यांच्या खणांपुढं जाऊन उभा ऱ्हायचा. मग दुपारपातुर हात थांबायचा न्हाय. आमी म्हणायचो, सोम्याला भाकरीचा वास आला की सुचतंय.”

म्हणजे तोडकर कागदावर लिहीतच नव्हते. मनात वाक्य तयार करून थेट शिशाचे खिळे जुळवत होते. शहाण्णव पानं अशी रचणारा लेखक मी तरी ऐकलेला नाही. लेखात हा परिच्छेद सर्वांत वर घ्यायचा.

सोमवार, १७ नोव्हेंबर

दुसरा दुजोरा मिळाला. कोर्टात ओळखीचे एक कारकून आहेत, त्यांनी जुनी नोंद शोधून दाखवली. अश्लील मजकूर छापल्याबद्दल फेब्रुवारी १९७४ मध्ये तीन महिने साधी कैद. छापखान्याच्या मालकानं हात वर केले होते. तोडकरांचा जबाब दोन ओळींचा आहे : ‘सदर मजकूर मी स्वतः रचला व मीच जुळविला. त्यात दुसऱ्या कोणाचाही संबंध नाही.’

आमच्या टेबलावरचा नियम असा की एकाने सांगितलेलं टिपून ठेवायचं आणि दोघांनी सांगितलं की छापायचं. आता दोन झाले.

भैरवी रविवारची पुरवणी पाहते. वयानं माझ्या धाकट्या मुलीएवढी आहे, पण कात्री माझ्यापेक्षा धारदार. तिनं ३० तारखेचं पाऊण पान दिलं आणि म्हणाली, “पण सर, घरच्यांना भेटून या. नाहीतर हा नुसता सांगाडा होईल.”

शनिवार, २२ नोव्हेंबर

हुपरीला जाऊन आलो. उसाच्या ट्रॅक्टरांमागे अडकत अडकत बसला सव्वा तास लागला.

तोडकरांचं घर गल्लीच्या टोकाला आहे. पुढच्या खोलीत त्यांच्या पत्नी रुद्राणीबाई जमिनीवर बसून काम करत होत्या. समोर लहानशी ज्योत, तोंडात फुंकणी, चिमट्यात पैंजणाची कडी. वय सदुसष्ट-अडुसष्ट. कपाळाला भस्म, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. बोटांची टोकं भाजून भाजून गुळगुळीत झालेली. मी नाव सांगितलं, पेपर सांगितला.

“पेपरवालं?” त्या म्हणाल्या. “आमच्यात कोण मेलं न्हाय आन् कोण निवडून बी आलं न्हाय.”

मी मधुरंजनचं नाव काढलं. त्यांनी मान वर केली नाही. “थांबा. एवढं संपू द्या,” म्हणाल्या. मी दारातच दहा मिनिटं उभा होतो. ओळीनं सात घुंगरं झाळून झाली, मग ज्योत बारीक केली आणि मला आत घेतलं.

“त्यांनी न्हाय लिवलं. एक वळ बी न्हाय.”

“कोर्टात त्यांनी स्वतः सांगितलंय.”

“कोर्टात सांगितलं ते कोर्टापुरतं.”

पतीच्या बदनामीची भीती असणार, हे मी समजू शकतो. वातावरण हलकं करावं म्हणून पिशवीतून ‘तिसरं घुंगरू’ काढून दाखवलं. १९६८ची पहिली आवृत्ती आहे, मुखपृष्ठ शाबूत. त्यांनी पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि पहिली पानं न बघता शेवटचं पान काढलं.

“हितं कापलंय,” म्हणाल्या.

“काय कापलंय?”

“ती नवऱ्याकडं माघारी येती असं छापलंय. माघारी येत न्हवती ती. वाडीला जाती, संगमावर पायरीवर बसती आन् तिथंच संपत व्हतं. छापायच्या फारमात पानं बसत न्हाईत म्हणून मालकानं दोन काढली आन् हे आपलं चिकटवलं.” बोलताना त्यांचा आवाज चढला होता. तीस वर्षांपूर्वीच्या दोन पानांचा राग अजून गेलेला नाही, याचं मला नवल वाटलं.

“तोडकर तुम्हाला वाचून दाखवायचे वाटतं?”

त्यांनी चष्मा काढला आणि पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. “व्हय,” म्हणाल्या. “तसंच समजा.”

तेवढ्यात मुलगी विद्याश्री शाळेतून आली. तिथल्याच हायस्कुलात शिकवते. चहा टाकला आणि सरळ विषयाला आली. “सर, हे छापू नका. तुरुंगातून आल्यावर बाबांनी छापखाना सोडला आणि इथं गल्लीत वाचनालय काढलं. सतरा वर्षं चालवलं. आता ते त्यांच्या नावानं आहे. ते तीन महिने कुठं होते हे इथं कुणाला माहीत नाही. बेळगावला कामावर होते असं सगळ्यांना सांगितलंय.”

निघताना रुद्राणीबाई म्हणाल्या, “काय लिवायचं ते लिवा. त्यांचं नाव तेवढं घालू नका. एवढं एक ऐका, पावणं.”

मी ‘बघतो’ म्हणालो. आमच्या धंद्यात त्याचा अर्थ काय होतो हे मला माहीत आहे.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

लेख झाला. सतराशे शब्द, चार वेळा खोडून लिहिला. नाव घालावं की न घालावं, यावर एक आख्खा दिवस गेला. नाव नसेल तर लेखात उरतं काय? छापखान्यातला कुणी एक कामगार. त्यांची ओळख पुसायची असती तर मी वीस वर्षं कशाला शोधलं असतं? शिवाय मी त्यांची निंदा करत नाही, उलट मानानं लिहितोय.

भैरवीनं वाचला. “छान झालाय. पण त्या म्हणाल्या ना, त्यांनी लिहिलं नाही म्हणून? मग कुणी लिहिलं, असं विचारलंत का?”

नाही विचारलं. दोन ठिकाणांहून दुजोरा असताना ते विचारण्यात अर्थ नव्हता, असं मी तिला सांगितलं.

त्यांचा नकार लेखात घ्यायचा तर घोळ वाढतो. म्हणून शेवटी नेहमीचं वाक्य टाकलं : ‘कुटुंबीयांनी याबाबत बोलण्यास नकार दिला.’

रविवार, ३० नोव्हेंबर

लेख आला. सकाळपासून अकरा फोन. एका निवृत्त प्राध्यापकांनी ‘उपेक्षितांचा इतिहास’ असा शब्द वापरला. आकारामांनी नातवाकडून वाचून घेतला. बंडू दुकान उघडायच्या आधी घरी येऊन गेला. “साहेब, आता लोक मधुरंजन मागायला लागलं की! काल तुमचा कचरा व्हता, आज पुस्तकं झाली.”

दिवसभर समाधान वाटत होतं. तसं लिहून ठेवतो.

मंगळवार, ९ डिसेंबर

दुपारी विद्याश्री ऑफिसात आली. हातात पुरवणीचं पान, घडीवर घडी घालून बारीक केलेलं. बसली नाही.

“वाचनालयाचा बोर्ड काढला, सर. समितीनं. परवा शिडी लावून. आई समोरच्या दारात बसून बघत होती. मुलांचे आईबाप म्हणतात, तसल्या माणसाचं नाव वर आणि खाली पोरं बसून वाचणार का?”

मी म्हणालो की लेखात त्यांच्याबद्दल आदरच आहे.

“आदर कुणी वाचला? नाव वाचलं.” मग तिनं पान उलगडून शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “आणि हे काय? बोलण्यास नकार दिला? माझी आई तुमच्याशी तासभर बोलत होती. तुम्हाला चहा कुणी दिला मग, भिंतीनं?”

शेजारच्या टेबलावरचे दोघं बघायला लागले. तिला खुलासा हवा होता : सोमशेखर तोडकर यांनी ही पुस्तकं लिहिलेली नाहीत. मी तिला पद्धत सांगितली. खुलासा तोंडी चालत नाही. ज्याच्याशी मजकुराचा संबंध आहे त्यानं लेखी पत्र द्यायचं, खाली सही करायची. आणि आमचे संपादक एका गोष्टीला पक्के आहेत. चूक काय एवढं सांगून भागत नाही, बरोबर काय ते लिहून द्यावं लागतं. नाहीतर ज्याला त्याला बातमी नाकारायची असते.

“म्हणजे बाबांनी लिहिलं नाही, हे छापायचं तर कुणी लिहिलं ते सांगायचं?”

“हो.”

तिचा चेहरा पडला. मला वाटलं, तिच्याकडे सांगायला दुसरं नावच नाही. “मग राहू द्या,” म्हणाली आणि निघून गेली. पान टेबलावरच राहिलं.

शनिवार, १३ डिसेंबर

चूक झाली नाही, हे स्वतःला पटवायला ट्रंका उघडल्या. मधुरंजनची तेवीसच्या तेवीस पुस्तकं जमिनीवर सालवार मांडली. ‘दुपारची झोप’ या पुस्तकावर प्रथमावृत्ती एप्रिल १९७४ असं छापलंय. एप्रिलमध्ये तोडकर कैदेत होते. पुस्तक सांगलीच्या कुठल्यातरी छापखान्यात छापलेलं आहे. जुना मजकूर प्रकाशकाकडे शिल्लक असेल आणि नंतर दुसरीकडे काढला असेल. असं चालायचं.

पण मग तो मजकूर कागदावर असला पाहिजे. तोडकर तर कागदावर लिहीत नव्हते.

भैरवीला मी गेल्या आठवड्यात चार पुस्तकं वाचायला दिली होती. ती तिनं आज सकाळीच वर्तमानपत्रात गुंडाळून परत केली होती. “सर, एक विचारू? ह्यातली बाई आरशात स्वतःला बघत नाही. इतर सगळ्यांच्या पुस्तकांत बघते. आणि पुरुष गेल्यावर ही पहिल्यांदा चूल बघते, विझली की काय म्हणून. हे पुरुषाला सुचेल?”

चांगल्या लेखकाला सुचतं, असं मी म्हणालो.

“बरं,” म्हणाली. तिच्या ‘बरं’चा मला राग आला.

गुरुवार, १८ डिसेंबर

आकारामांकडे पुन्हा गेलो. एकच प्रश्न विचारला : सोमशेखर मधुरंजन आहेत हे तुम्हाला कधी कळलं?

“कधी म्हंजे? कोर्टात. त्यानंच उभं ऱ्हाऊन सांगितलं की. तवर आमाला वाटायचं, मालकाचा कोणतरी पुण्याचा लेखक हाय.”

म्हणजे मला दोन ठिकाणांहून दुजोरा नव्हता. एकाच माणसाचं एकच वाक्य मी दोन वाटांनी ऐकलं होतं. नवख्या पोराची ही चूक मी शंभरदा पकडली असेल. बातमीत कुणी असं केलं तर मी कागद तोंडावर मारतो.

परत येताना भैरवीचा प्रश्न आठवत होता. उत्तर मला बसस्टॉपवरच कळलं असावं, पण ते इथं लिहवत नाही. रुद्राणीबाईंच्या तोंडून ऐकल्याशिवाय आता मी काहीही लिहिणार नाही.

शनिवार, ३ जानेवारी १९९८

पंधरा दिवस गेलो नाही. निवडणुका लागल्यात, पानं वाढलीत, हे खरं आहे. धीर होत नव्हता, हेही खरं.

आज गेलो. वाचनालयावरून जावं लागतं. दारावर चार खिळ्यांची भोकं आणि मागच्या भिंतीचा रंग तेवढ्या चौकोनात अजून ताजा.

रुद्राणीबाई कामावरच होत्या. मी न सांगता दारात थांबलो. त्यांनी काम संपवलं.

“आता काय ऱ्हायलं?”

“मागच्या वेळी एक विचारायचं राहिलं. मग कुणी लिहिलं?”

“दीड महिना लागला व्हय एवढं इचारायला?” त्या म्हणाल्या. मग आतल्या दाराकडे बघून विद्याश्री घरात नाही याची खात्री केली. “बसा.”

पुढचं जमेल तसं त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवतो.

“मालकानं त्यांना सांगितलं, तू वाचतोस, लिवून बी दे, पगारावर जादा देतो. घरात तवा दोन नणंदा लग्नाच्या. हे तीन दिस कागद घिऊन बसलं. एक वळ लिवली आन् घाम पुसत उठलं. मी म्हणलं, आणा हिकडं. चौथीपातुर शिकलीया मी. ह्या कामात दिवसभर फुंकणी तोंडात, बोलता येत न्हाय कुणाशी. मग डोस्क्यात चालतंय सगळं. दुपारी सासू कलंडली की लिवायचं. सकाळी घडी करून डब्यात घालायचं, भाकरीखाली.”

“त्यांना अवघड वाटायचं नाही?”

“वाटायचं की. माझ्याम्होरं कधी वाचलं न्हाय त्यांनी. पण ते म्हणायचं, खिळं उलटं असत्यात, उलटं वाचताना लाज निम्मीच लागती.” त्या किंचित हसल्या. पहिल्यांदाच. “एकदा मातुर म्हणलं, अगं, ह्यातला पावणा माझ्यासारखा चालतोय. म्हणलं, चालू दे की.”

पोलीस आले तेव्हा विद्याश्री सात वर्षांची होती. “मी म्हणलं, मी सांगते, माझं हाय. ते म्हणलं, तू गप बस. जलमात एकदाच वरडलं माझ्यावर. मग ते आत गेलं आन् मी घर चालवायला आणिक एक लिवलं. पोरीला शेजारी ठिवून सांगलीला जाऊन दिलं. तेच शेवटचं.”

“सुटून आल्यावर काही म्हणाले?”

“वाचनालय काढलं. तिथलं पैलं पुस्तक मला आणून दिलं. म्हणलं, लई लिवलंस, आता दुसऱ्याचं वाच.”

त्यांनी फुंकणी पदरानं पुसून बाजूला ठेवली. आणि अशा वेळी मी काय केलं? पिशवीतून ‘तिसरं घुंगरू’ काढलं, पेन काढलं आणि त्यांना सही मागितली. मधुरंजनची सही असलेली दुसरी प्रत नसणार, हा विचार त्या क्षणी डोक्यात होता. हे मी केलं. खोडणार नाही.

“सही कशावर?” त्या म्हणाल्या. “ज्याचा शेवट माझा न्हाय त्याच्यावर? ठिवा ते आत.”

विद्याश्री आली तेव्हा मला सगळं कळल्याचं तिच्या लक्षात आलं. तिला ते आधीपासून ठाऊक होतं. वडील जाताना सांगून गेले होते. मी खुलाशाची अट पुन्हा सांगितली. ती आईवर तुटून पडली. “बाबांचं नाव गेलं ते गेलं. आता तुझंही घालवायचं? मठात जातेस, चार बायका पाया पडतात. मला वर्गात उभं राहायचंय रोज.”

“माझं नाव व्हतंच कुठं जायाला?” रुद्राणीबाई म्हणाल्या. “त्यांचं व्हतं. माझ्यापायी एकदा तुरुंगात गेलं, आता माझ्यापायी भिंतीवरनं उतरलं. दोनदा कुणी भोगायचं?”

“मग बाबांनी कशासाठी भोगलं ते? तुझं नाव येऊ नये म्हणूनच ना?”

रुद्राणीबाईंनी चिमटा उचलून पुढची कडी धरली. मुलीचं म्हणणं चुकीचं नाही. आईचंही नाही. मी दोघींच्या मध्ये चहाचा कप धरून बसलो होतो आणि हे सगळं माझ्या पाऊण पानामुळे होतं.

समितीची बैठक रविवारी, ११ तारखेला संध्याकाळी सात वाजता आहे. वाचनालयाला नवं नाव द्यायचा ठराव त्यात येणार. खुलासा छापायचा तर त्याच दिवशी सकाळच्या अंकात आला पाहिजे. त्यानंतर त्याचा उपयोग नाही.

“पत्र मी माझ्या हातानं लिवीन,” निघताना रुद्राणीबाई म्हणाल्या. “लिवीन का न्हाय ते अजून ठरलं न्हाय. पर लिवलं तर जसंच्या तसं. कापायचं न्हाय.”

मी ‘बघतो’ म्हणालो नाही. ‘हो’ म्हणालो. आता ते संपादकांकडून मिळवायचं आहे.

गुरुवार, ८ जानेवारी

संपादकांशी दोन वेळा बोललो. पत्र मूळ हवं, सही त्यांच्या समोर हवी, लांबी बारा ओळी. लेख पाऊण पान होता आणि खुलासा बारा ओळी, हे प्रमाण मीच इतकी वर्षं सांभाळत आलोय. भैरवी भांडली. ज्या पानावर लेख आला त्याच पानावर, त्याच जागी खुलासा यायला हवा, असं तिचं म्हणणं. मिळालं. पत्र कापायचं नाही, हेही मिळालं. बारा ओळींपेक्षा मोठं असेल तर काय, यावर ते म्हणाले, आधी येऊ तर द्या.

खुलाशाखाली माझ्याही तीन ओळी जातील. संपादकांनी ‘अनवधानाने’ असा शब्द सुचवला. मी तो घेतला नाही. ‘श्रीमती रुद्राणी तोडकर यांनी बोलण्यास नकार दिला, हे विधान खरे नव्हते. त्या बोलल्या होत्या,’ असं लिहून दिलं. पत्र आलं नाही तरी या ओळी लावा, असंही सांगितलं. ते म्हणाले, तुमच्या नोकरीला दोन वर्षं राहिलीत, कशाला डाग लावून घेता? मी म्हणालो, तो लागलाय.

शनिवार, १० जानेवारी, दुपारी पावणेचार

विद्याश्रीचा फोन आला. शाळेजवळच्या बूथवरून बोलत होती, मागे पोरांचा गलका.

“आई सव्वातीनच्या गाडीनं निघाली, सर. एकटीच. मी येते म्हटलं तर म्हणाली, तू शाळेत जा, तुला उभं राहायचंय ना?”

“पत्र?”

“पाकीट आहे पिशवीत. चिकटवलंय. मला दाखवलं नाही.”

“काय लिहिलंय, काही अंदाज?”

“सकाळपासून लिहीत होती. दोनदा कागद जाळला ज्योतीवर.” “सर, तिनं सही केली नसली तर जबरदस्ती करू नका. आणि केली असली तर…” नाणं संपल्यासारखा फोन कट झाला. की तिनंच ठेवला, कळलं नाही.

त्या पाकिटात काय असेल ते मला माहीत नाही. त्यांचं स्वतःचं नाव असेल. किंवा नवऱ्यानं लिहिलं नाही एवढंच असेल आणि ते आमच्या अटीत बसणार नाही. किंवा जे घडलं ते विसरून जा, असंही असेल. त्यातलं काहीही असलं तरी मी ते बाहेर बसून उघडणार नाही. संपादकांच्या टेबलावर त्यांनीच उघडायचं.

पुरवणीचं पान लागलं आहे. उजव्या कोपऱ्यात बारा ओळींची जागा कोरी ठेवली आहे, तिच्या डोक्यावर ‘खुलासा’ एवढंच बसवलं आहे आणि खाली माझ्या तीन ओळी. भैरवी पानापाशी बसून आहे. जाहिरात विभागाचा माणूस ती जागा मागायला दोनदा आला, तिनं दोन्ही वेळा परत पाठवला.

गाडी साडेचारला स्टँडवर येते. पान सहाला सुटतं. त्यांना ऑफिसचा जिना चढायला वेळ लागेल, म्हणून संपादकांना खालच्या खोलीत येऊन बसायला सांगितलं आहे आणि ते कबूल झाले आहेत. मी स्टँडवर निघालो.